आठ रिले, एक सिरियल तार: मजकुरी कमांडच्या प्रकल्प नोंदी

जागा: एका कारखान्याचे ३३/११ केव्ही उपकेंद्र. ११ केव्ही बाजूला आठ पॅनेल: दोन इनकमर (वीज आत आणणारे), एक बसकपलर (दोन बस म्हणजे सामाईक पट्ट्या जोडणारा), पाच फीडर (वीज पुढे नेणारे). प्रत्येकावर एसईएल-३५१ए हा संरक्षण रिले (दोष ओळखून ब्रेकर उघडायला लावणारे यंत्र), जुन्या पिढीचा, १ अँपिअर सेकंडरीच्या सीटीसाठी (सीटी म्हणजे प्रवाह मोजायचा ट्रान्सफॉर्मर). पोर्ट एफ समोर, पोर्ट २ आणि ३ मागे, तिन्ही ईआयए-२३२ (साधे सिरियल पोर्ट). पोर्ट १ ईआयए-४८५, तो आपल्या कामाचा नाही. इथरनेट नाही.

काम: रोज रात्री आठही रिलेंकडून मोजमापे, घटनांची यादी आणि नवे फॉल्ट रेकॉर्ड मजकुराच्या स्वरूपात ओढून घ्यायचे. त्यासाठी लिनक्सवर चालणारा एक छोटा सिंगल-बोर्ड संगणक आणि चार-चार पोर्टचे दोन यूएसबी-सिरियल डबे. सेटिंग बदलणे हा मूळ कामाचा भाग नव्हता, पण २७ जानेवारीपासून तोही यात आला.

कमांड रिलेला रोमन अक्षरांतच टाइप करायच्या असतात. इथे त्या तोंडाने वाचतो तशा देवनागरीत लिहिल्या आहेत. एसीसी म्हणजे ए, सी, सी अशी तीन अक्षरे आणि एंटर. रिलेला प्रत्येक कमांडची पहिली तीन अक्षरे पुरतात, लहान-मोठ्या अक्षरांचा फरक पडत नाही. पासवर्डला मात्र पडतो.

६ जानेवारी २०२५

आठ केबल वर्कशॉपमध्येच बनवल्या. तीन तारा पुरतात. रिलेच्या ९-पिन पोर्टवर २ नंबरला डेटा आत येतो, ३ नंबरवरून बाहेर जातो, ५ नंबर ग्राउंड. संगणकाच्या टोकाला २ आणि ३ ची अदलाबदल. शील्ड फक्त पॅनेलच्या बाजूला अर्थ केली, दुसरे टोक मोकळे. सर्वांत लांब केबल ९ मीटरची. ईआयए-२३२ साठी साधारण १५ मीटर ही जुनी, सुरक्षित मर्यादा, तिच्या बरीच आत.

दुकानात मिळणारी सगळ्या पिना जोडलेली नल-मोडेम केबल मुद्दाम वापरली नाही. या रिलेच्या पोर्ट २ वर ४ आणि ६ या पिना हँडशेकच्या नाहीत, तिथे आयआरआयजी-बी म्हणजे घड्याळाचा सिग्नल येतो. मागच्या पोर्टांच्या १ नंबर पिनवर जंपर लावला असेल तर +५ व्होल्ट असतात. नल-मोडेम केबल संगणकाचा डीटीआर (हँडशेकचा एक सिग्नल) थेट घड्याळाच्या इनपुटवर नेऊन ठेवते. काही जळेलच असे नाही, पण घड्याळ का भरकटते हे शोधण्यात एक दिवस जातो. म्हणून काम पोर्ट ३ वर आणि केबल तीनच तारांची.

केबल तपासायला मल्टिमीटर पुरतो. ज्या पिनवरून कोणीतरी पाठवते ती पिन शांत असताना ग्राउंडच्या तुलनेत उणे व्होल्ट दाखवते, साधारण उणे ५ ते उणे १०. केबल सुटी ठेवून आधी रिलेची ३ नंबर पिन मोजायची, मग संगणकाच्या बाजूची केबल. दोघांचे उणे व्होल्ट एकाच पिनवर आले तर केबल सरळ आहे, एका टोकाला २ आणि ३ ची अदलाबदल करा.

पहिला संवाद पोर्ट एफवरून, लॅपटॉप बॅटरीवर. चार्जर लावून पॅनेलशी जोडायचा नाही: पोर्ट आयसोलेटेड नसतो आणि चार्जरच्या अर्थचा आणि पॅनेलच्या अर्थचा फरक त्या ५ नंबरच्या बारीक तारेतून वाहतो.

एंटर दाबल्यावर काय दिसते त्यावरून निदान करायचे. काहीच आले नाही तर तार किंवा चुकीचा कॉम पोर्ट. कचरा अक्षरे आली तर वेग जुळत नाही. या रिलेचा कारखान्यातून आलेला वेग २४००, ८ बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट. एकटे "=" आले तर रिले बोलतो आहे, पातळी ०. कमांड अवैध असल्याचा निरोप आला तरी तार आणि वेग दोन्ही बरोबर आहेत, फक्त आपण चुकीचे बोललो. आठपैकी सात २४०० वर बोलले, एक ९६०० वर.

७ जानेवारी

पातळ्या. "=" म्हणजे ०, "=>" म्हणजे १, "==>" म्हणजे ब्रेकर पातळी (बी), "=>>" म्हणजे २. एसीसीने पातळी १ मिळते: बघता येते, सेटिंगला हात लावता येत नाही. टूएसीने (आकडा २, मग ए, सी) पातळी २. आत जाताना रिले अलार्म संपर्क सुमारे एक सेकंद बंद करतो. पासवर्ड तीनदा चुकला तरीही तेच. इथे तो संपर्क अनन्सिएटरवर (कंट्रोल रूममधल्या धोकासूचक फलकावर) "रिले फेल" म्हणून जोडला आहे, त्यामुळे पातळी २ ला जाण्याआधी कंट्रोल रूमला फोन. आज एकदा विसरलो, शिफ्टवाले धावत आले.

कारखान्याचे मूळ पासवर्ड मॅन्युअलमध्ये छापलेले असतात, म्हणजे ते पासवर्डच नव्हेत. दोन फीडरवर अजून तेच होते. बदलले, पाकिटात सील करून ठेवले.

मग पायाभूत नोंद, कोणतीही सेटिंग बदलण्याआधी. प्रत्येक रिलेवर टर्मिनलचे लॉगिंग चालू करून याच क्रमाने: आयडी (ओळख), एसटीए (स्वतपासणीची स्थिती), एसएचओ (सेटिंग दाखव; सेटिंगच्या सहा गटांसाठी १ ते ६), एसएचओ एल (लॉजिक, सहाही), एसएचओ जी (ग्लोबल), एसएचओ पी (चारही पोर्ट), एसएचओ आर (घटनायादीत काय नोंदवायचे ते), एसएचओ टी (लेबले), एचआयएस (फॉल्टचा इतिहास), एसईआर (वेळेसह घटनायादी). प्रत्येक रिलेची एक मजकूर फाइल, नावात पॅनेल क्रमांक आणि तारीख. संरक्षणाच्या सॉफ्टवेअरमधील सेटिंग फाइलही घ्यावी, पण दोन साध्या मजकूर फाइली दहा वर्षांनीही कोणत्याही संगणकावर शेजारी ठेवून तुलना करता येतात.

२४०० वर एका रिलेला पाऊण तास लागला. त्यातला बराच वेळ सहा गटांचा, आणि त्यांपैकी पाच गट कोणी कधी वापरलेले नाहीत. तरी घ्यावेतच. गट १ वरून चुकून गट २ वर गेलेला रिले कारखान्याच्या मूळ सेटिंगवर चालतो, आणि तसा एकही फीडर इथे नाही हे तपासूनच कळले.

१० जानेवारी

काल दुपारी फीडर ३ सुटला. एचआयएस मागितल्यावर तारीख ०१/०९/२५ अशी. वाचणाऱ्याला १ सप्टेंबर वाटेल. ती ९ जानेवारी आहे. ग्लोबल सेटिंगमध्ये तारखेचा क्रम महिना-दिवस-वर्ष किंवा वर्ष-महिना-दिवस असे दोनच पर्याय. आपला दिवस-महिना-वर्ष नाहीच. पायाभूत फाइली पाहिल्या: सहा रिले पहिल्या क्रमावर, दोन दुसऱ्यावर. सगळे वर्ष-महिना-दिवसवर आणायचे ठरले, पण ग्लोबल सेटिंग जतन करताना रिले क्षणभर संरक्षण बंद करतो, समोरचा ईएन दिवा विझतो. म्हणून हे शटडाउनमध्ये. तोवर स्क्रिप्ट आधी एसएचओ जी वाचून क्रम ठरवेल.

फॉल्टची नोंद एसईआरमधून जवळून पाहिली. फेज ओव्हरकरंट पिकअप (प्रवाहाने ठरलेली मर्यादा ओलांडली तो क्षण) १४:०७:३१.४१२, ट्रिप १४:०७:३२.०५७, ब्रेकरचा सहायक संपर्क उघडला ३२.११२. पिकअप ते ट्रिप ०.६४५ सेकंद. फॉल्ट रेकॉर्डमधला प्रवाह १८०० अँपिअर प्रायमरी; सीटी ४००/१, म्हणजे सेकंडरी ४.५. पिकअपची मर्यादा ०.९०, म्हणजे प्रवाह तिच्या पाचपट. किती प्रवाहाला किती वेळात सुटायचे ते ठरवणारा वक्र सी१ (आयईसी स्टँडर्ड इन्व्हर्स), टाइम डायल (वेळेचा गुणक) ०.१५: ०.१५ गुणिले ०.१४, भागिले (५ चा ०.०२ वा घात वजा १). उत्तर ०.६४२ सेकंद. रिले दर पाव सायकलला विचार करतो, ५० हर्ट्झला ५ मिलिसेकंद. ३ मिलिसेकंदांचा फरक त्याच्या आतला. ट्रिपनंतर ५५ मिलिसेकंदांत ब्रेकर उघडला. फीडर ३ चे सीटी, रिले आणि ब्रेकर तिघेही ठीक आहेत हे या तीन ओळींनी सांगितले, चाचणीचे किट न लावता.

एक दोष मात्र दिसला. इनकमरच्या एसईआरमध्ये याच क्षणाचा पिकअप २ मिनिटे ४० सेकंद मागे. घड्याळांना आयआरआयजी-बी जोडलेले नाही, प्रत्येक रिले आपल्या गतीने पुढे-मागे जातो. टीआयएम कमांडने पातळी १ वरूनच वेळ लावता येते, पण स्क्रिप्टने रोज वेळ लावायची नाही असे ठरवले. घड्याळ मागे ओढले की घटनांचा क्रम उलटसुलट दिसतो आणि नेमक्या फॉल्टच्या रात्री तो घोळ होतो. त्याऐवजी रोज रिलेची वेळ आणि संगणकाची वेळ शेजारी लिहून फरक नोंदवायचा.

१३ जानेवारी

आठही रिलेंचे पोर्ट ३ बसवले. कंट्रोल रूमला कळवून, समोरच्या पोर्ट एफवरून, एसईटी पी ३ (पोर्ट ३ ची सेटिंग बदल). ज्या पोर्टवरून बोलतो त्याचाच वेग बदलला तर जतन होताच आपलीच भाषा तुटते, म्हणून पुढून मागचा बदलायचा. मूल्ये: प्रोटोकॉल एसईएल, वेग १९२००, ८-एन-१, टी-आउट (इतका वेळ शांतता राहिली की पोर्ट पातळी ० वर) ५ मिनिटे, ऑटो एन (नाही), आरटीएस-सीटीएस एन, फास्टऑप एन. शेवटचे महत्त्वाचे. फास्टऑप म्हणजे बायनरी संदेशांनी ब्रेकर चालवण्याची सोय, आणि या तारेवरून कोणीही ब्रेकरला हात लावायचा नाही.

रिले ३८४०० पर्यंत जातो. १९२०० वर थांबलो कारण घरी बनवलेल्या ९ मीटर केबलवर त्यापुढे जाण्यासारखा फायदा नाही. फीडर ३ चे संपूर्ण कॉम्प्रेस्ड रेकॉर्ड (सीईव्ही) ३४ हजार बाइटचे. एका अक्षराला १० बिट धरले तर २४०० वर १४२ सेकंद, १९२०० वर १८ सेकंद.

१५ जानेवारी

छोटा संगणक बसवला. दोन तास भुतांशी बोलण्यात गेले.

पहिले भूत: डबा जोडताच प्रत्येक रिलेच्या समोर आपण न पाठवलेल्या ओळी आणि त्यावर अवैध कमांडचे उत्तर. लिनक्समधला मोडेम मॅनेजर नवा सिरियल पोर्ट दिसला की तिथे मोडेम आहे का हे पाहायला "एटी" पाठवतो. रिलेला त्याचा अर्थ लागत नाही, पण उत्तर तो देतोच. सेवा काढूनच टाकली.

दुसरे: एका पोर्टवर संगणकाची लॉगिन सेवा चालू राहिली होती. तिने लॉगिन विचारले, रिलेने अवैध कमांड म्हटले, तिने ते नाव समजून पासवर्ड मागितला, रिलेने पुन्हा अवैध म्हटले. दोघे बिचारे रात्रभर असेच बोलत बसले असते. बंद केली.

तिसरे खरे धोक्याचे. संगणक पुन्हा चालू केल्यावर पोर्टांचे क्रमांक बदलले: फीडर २ ची फाइल फीडर ५ च्या नावावर. यूएसबीचे क्रमांक जोडणीच्या क्रमाने मिळतात. उपाय म्हणजे पोर्ट अनुक्रमांकाने उघडायचा. लिनक्स "बाय-आयडी" फोल्डरमध्ये तशी नावे देतो. त्यासाठी डब्यातल्या चिपला स्वतःचा अनुक्रमांक हवा. एफटीडीआयच्या चिपला तो असतो, पीएल२३०३ ला सहसा नसतो. शिवाय दुसरी खात्री: प्रत्येक वेळी आयडी मागून उत्तरातला रिलेचा ओळखक्रम यादीशी जुळवायचा, न जुळल्यास त्या पोर्टचे काम थांबवायचे. उत्तराच्या प्रत्येक ओळीला अवतरणचिन्हांत चार हेक्स अंकांची चेकसम असते, तीही तपासायची.

१७ जानेवारी

पायथन आणि पायसिरियल (त्याची सिरियल पोर्टची लायब्ररी). स्क्रिप्टचा पहिला अवतार अगदी साधा: कमांड पाठव, दोन सेकंद थांब, जे आले ते वाच. एमईटीला (मोजमापे) चालला. एसईआरला नाही: ५१२ ओळी, सुमारे २५ हजार बाइट, १९२०० वर १३ सेकंद. दोन सेकंदांनी पुढची कमांड गेली, ती रिलेच्या बफरमध्ये पडून राहिली, आणि पुढच्या सगळ्या फाइलींत मागच्या कमांडचे उत्तर.

म्हणून नियम: प्रॉम्प्ट दिसल्याशिवाय पुढचे अक्षर पाठवायचे नाही. पण प्रॉम्प्ट ओळखायचा कसा? "=" शोधला तर आयडीच्या उत्तरातल्या एफआयडी= (फर्मवेअरची ओळख) मध्येच तो सापडतो, आणि एसएचओच्या उत्तरात तर प्रत्येक ओळीत "=" आहे. शेवटी ठरलेली कसोटी: आलेल्या मजकुराच्या अगदी शेवटी, नव्या ओळीच्या सुरुवातीला, "=" नंतर शून्य ते दोन ">", आणि त्यानंतर ३०० मिलिसेकंद शांतता. तुलना करताना लांब प्रॉम्प्ट आधी तपासायचा, नाहीतर "=>>" मध्ये "=>" सापडतो आणि पातळी २ वर असूनही स्क्रिप्टला पातळी १ वाटते. रिले संदेशाभोवती एसटीएक्स (हेक्स ०२) आणि ईटीएक्स (हेक्स ०३) पाठवतो, ते तुलनेआधी गाळायचे. दिसत नाहीत म्हणून विसरले जातात आणि "जुळत नाही" म्हणून डोके खातात.

एक्सऑन-एक्सऑफ चालू ठेवले. रिले आपला बफर ७५ टक्के भरला की एक्सऑफ (हेक्स १३) पाठवतो, २५ टक्क्यांखाली आला की एक्सऑन (हेक्स ११). आपणही त्याला तसेच थांबवू शकतो: टर्मिनलवर कंट्रोल-एस आणि कंट्रोल-क्यू. लांब उत्तर रद्द करायचे तर कंट्रोल-एक्स. स्क्रिप्ट सुरू होताना आधी कंट्रोल-एक्स, मग एंटर, मग प्रॉम्प्टची वाट. आधीच्या अर्धवट सत्राचा गाळ यानेच जातो.

२१ जानेवारी

बसकपलरच्या फाइलीत एमईटीच्या मधोमध घटनेचा सारांश घुसला. पोर्ट ३ वर ऑटो एन करायचे एका रिलेवर राहून गेले होते. ऑटो वाय असेल तर नवी घटना, गट बदल किंवा स्वतपासणीतला दोष रिले न विचारता त्या पोर्टवर सांगतो. माणसासाठी ही चांगली सोय, स्क्रिप्टसाठी विष. बदलले. स्क्रिप्टलाही सांगितले: अपेक्षित शीर्षकाने सुरू न होणारे उत्तर टाकून द्यायचे आणि एकदाच पुन्हा मागायचे.

२२ जानेवारी

टी-आउटचा धडा. इनकमरचे सीईव्ही वाचताना संगणक दुसऱ्या कामात सहा मिनिटे अडकला, तेवढ्यात पोर्ट गुपचूप पातळी ० वर गेला, पुढच्या कमांडला पातळी अपुरी असल्याचे उत्तर. बरोबरच वागला. स्क्रिप्ट आता प्रत्येक कमांडनंतर प्रॉम्प्टमधून पातळी वाचते आणि ० दिसल्यास एसीसी पुन्हा करते. फक्त एकदा. चुकीच्या पासवर्डावर फिरत राहिली तर दर तीन प्रयत्नांमागे अनन्सिएटर वाजेल.

२७ जानेवारी

टेबलावर एक सुटा रिले लावला, सेटिंग लिहिण्याच्या सरावासाठी. तो ६० हर्ट्झवर होता. व्होल्टेज नसेल तेव्हा रिले याच आकड्यावर विसंबतो, त्यामुळे सुटा रिले पॅनेलमध्ये बसवताना ग्लोबलमधील वारंवारता आणि फेजचा क्रम आधी पाहायचे.

मग नेहमीची पद्धत करून पाहिली: नोटपॅडमधून मूल्यांची रांग कॉपी करायची, एसईटी टाइप करून एका झटक्यात पेस्ट. रांग अशी:

फेज: ०.९०, सी१, १.५, एन
न्यूट्रल: ०.३०, सी१, ०.१०, एन
ग्राउंड: ०.२०, सी१, ०.१०, एन
एंड, वाय

प्रत्येक चौकडी म्हणजे पिकअप, वक्र, टाइम डायल, आणि रिसेटचा हो-नाही. तिसरे मूल्य मुद्दाम चुकवले: ०.१५ ऐवजी १.५. आयईसी वक्रांसाठी टाइम डायल ०.०५ ते १.०० इतकाच. रिलेने १.५ नाकारले आणि तेच पुन्हा विचारले. रांग थांबली नाही, पुढचे मूल्य "एन" आले. टाइम डायलला एन चालत नाही, नाकारले. पुढे ०.३० आले, न्यूट्रलचा पिकअप. टाइम डायल म्हणून ०.३० अगदी वैध. घेतले! आता रिले फेजचा हो-नाही विचारतो, आपण सी१ देतो, नाकारले, ०.१० देतो, नाकारले; एन देतो, घेतले. इथून चौकडी पुन्हा जुळली, फक्त एक घर सरकून. ग्राउंडसाठीची चारही मूल्ये न्यूट्रलमध्ये बसली, ग्राउंडचा पिकअप विचारला तेव्हा हाती "एंड" आले, मग "वाय", आणि सगळे जतन.

शेवटी पडद्यावर काय दिसते? जतन झाल्याचा निरोप आणि नेहमीचा प्रॉम्प्ट. नाकारल्याच्या चार ओळी केव्हाच वर सरकून गेल्या. प्रत्येक आकडा पटण्यासारखा: फेज डायल ०.३०, न्यूट्रल पिकअप ०.२०, ग्राउंड जुनाच. फीडर ३ च्या ९ जानेवारीच्या फॉल्टला हा रिले ०.६४ ऐवजी १.२८ सेकंदांनी सुटला असता. वरच्या इनकमरशी ठेवलेली फट ०.३ सेकंदांची. म्हणजे एका फीडरसाठी अख्खा बस गेला असता, आणि दोष शोधताना सगळे इनकमरकडे बघत बसले असते.

पेस्ट करताना टर्मिनलमध्ये ओळींमध्ये विलंब ठेवा असा सल्ला सर्रास दिला जातो. अक्षरे गळत असतील तर तो ठीक, पण इथे एकही अक्षर गळले नव्हते. रिलेने सगळे नीट ऐकले आणि नीट नाकारले. विलंबाने हा दोष जात नाही.

२९ जानेवारी

सेटिंग लिहिणारी वेगळी स्क्रिप्ट. पद्धत: फाइलमध्ये नुसती मूल्ये नाहीत, नाव-मूल्य जोड्या. एसईटी नंतर रिले प्रत्येक सेटिंगचे नाव, "=", जुने मूल्य आणि "?" दाखवतो. स्क्रिप्ट "?" येईपर्यंत थांबते, नाव वाचते, यादीतल्या नावाशी जुळवते, मगच मूल्य पाठवते. यादीत नसलेल्या सेटिंगला नुसते एंटर, म्हणजे जुने कायम. एकच नाव लागोपाठ दोनदा विचारले गेले तर मूल्य नाकारले गेले आहे: कंट्रोल-एक्स, काहीही जतन न करता बाहेर.

जतन करायचे का याला "वाय" स्क्रिप्ट देत नाही, माणूस देतो. आधी रिले सगळी सेटिंग वाचून दाखवतो ती पूर्ण पाहायची. एसईटीनंतर टर्स लिहिले की हे वाचून दाखवणे टळते आणि वेळ वाचतो. इथे टर्स वर्ज्य. एकच सेटिंग बदलायची असेल तर एसईटीपुढे त्या सेटिंगचे नाव दिले की रिले थेट तिथे नेतो. एक घर मागे जायचे तर टोपीचे चिन्ह आणि एंटर.

जतनानंतर एसएचओ, आणि ७ जानेवारीच्या फाइलीशी ओळीनुसार तुलना. बदललेल्या ओळींची संख्या कामाच्या आदेशातल्या बदलांइतकीच हवी. एक जरी जास्त, तर काम अपुरे.

परवाचीच चुकलेली रांग नव्या स्क्रिप्टला दिली: तिसऱ्या मूल्यावर थांबली, रिले जसाच्या तसा.

४ फेब्रुवारी

शटडाउन, परमिट घेऊन. उरलेल्या सहा रिलेंचा तारीखक्रम बदलला, आता आठही एकाच क्रमावर. फीडर ४ वर ट्रिप सर्किट पीयूएलने (आउटपुट क्षणभर चालवणारी कमांड) तपासले: ब्रेकर टेस्ट स्थितीत, पातळी बी, आउट१०१, १ सेकंद. रिले दोनदा विचारतो आणि दोन्हीला वाय द्यावे लागते. पहिल्या प्रयत्नाला ब्रेकर जंपर नसल्याचे सांगून रद्द. रिलेच्या मुख्य बोर्डावरचा हा जंपर (दोन पिना जोडणारी छोटी टोपी) नसेल तर ओपीई (ब्रेकर उघड), सीएलओ (ब्रेकर बंद कर) आणि पीयूएल कोणत्याही पासवर्डने चालत नाहीत. इतर सात रिलेंवर जंपर होता. तपासणी आटोपल्यावर सगळ्यांवरून काढायचा प्रस्ताव दिला, कारण इथे ब्रेकर पॅनेलच्या स्विचने आणि स्काडाच्या (दूरनियंत्रणाच्या) वेगळ्या आउटपुटने चालतो, सिरियलवरून चालवायची गरजच नाही. मंजूर. रिले बाहेर काढावा लागतो, एकाला वीस मिनिटे.

रात्रीच्या स्क्रिप्टमध्ये परवानगीची यादी टाकली: एसीसी, आयडी, एसटीए, एमईटी, एचआयएस, एसईआर, सीईव्ही, एसएचओ, टीआयएम, डीएटी, क्यूयूआय (बाहेर पडणे). टीआयएम आणि डीएटी ही दोन घड्याळवाली नुसती, पुढे आकडा नाही. एचआयएस आणि एसईआरच्या पुढे सी लावला की इतिहास पुसला जातो, म्हणून यादीत अक्षरशः पूर्ण ओळ जुळवली आहे, पहिली तीन अक्षरे नव्हे. टूएसी यादीत नाही. पातळी २ चा पासवर्ड या संगणकावर ठेवलेलाच नाही.

७ फेब्रुवारी

तीन रात्री सलग चालले. आठ रिले, नवी घटना नसेल तर चार मिनिटांच्या आत. फीडर १ च्या एसटीएमध्ये एका व्होल्टेजपुढे धोक्याची खूण (डब्ल्यू) दोन रात्री आली, तिसऱ्या रात्री नाही. अजून बिघाडाची (एफ) नाही, रिले चालू आहे. दिवसा पाहिले तर सगळे ठीक दिसते. रोज पहाटे ३ ऐवजी दर दोन तासांनी त्याचा एसटीए घ्यायला लावला. पॅनेलचे तापमान आणि बॅटरी चार्जरची डीसी याच वेळांना हाताने नोंदवायची आहे.

बाकी: आयआरआयजी-बीची केबल पोर्ट २ वर, तारांचा नकाशा आधी काढून. सुटा रिले पुन्हा ५० हर्ट्झवर आणून पेटीत, सोबत त्याच्या एसएचओचा छापील कागद.